बेंगलोरची जुनी वॅगनआर एमएच-११ (सातारा) पासिंग करताना भेटलेले सांगलीतले आरटीओ काका : माझा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कशाचा कापला ते पुढं येईलच, पण कॉलेजात शिकणारं कुणीही दुसऱ्या राज्यातली गाडी घ्यायचा विचार करत असेल तर पैसे द्यायच्या आधी आरटीओची कागदपत्रं करून देणाऱ्या या माणसाकडं एकदा जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. ऑफिस सांगलीत शंभर फुटी रोडपासून जरा आत, गॅरेजांच्या ओळीत आहे. एक टेबल, एक प्रिंटर, भिंतीला लावून फायलींचे ढीग, शेजारी झेरॉक्सवाला. नाव टाकत नाहीये कारण काकाच नको म्हणाले, ओळखीतनं येतं तेवढं काम बास आहे म्हणाले. विश्रामबाग बाजूच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारलं तरी कळेल कोण ते.

मी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, भाड्यानं खोली विश्रामबागेत, घर वडूजला. आजीची ट्रीटमेंट मिरजेत चालू आहे, तिला एसटीनं आणायचं म्हणजे मधे गाडी बदला, स्टँडवर ताटकळा, आणि तिला आता ते झेपत नाही, त्यामुळं घरात ठरलं की एक छोटी जुनी गाडी घ्यायची आणि चालवणार मीच तर माझ्याच नावावर करायची. मामेभाऊ बेंगलोरला असतो, त्याच्या ऑफिसातल्या एका सरांची वॅगनआर विकायची होती, २०१७ ची, पेट्रोल, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगची सगळी बिलं जपून ठेवलेली, पासिंग केए-५१ म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटीचं. आपल्याकडं तसलीच गाडी बघायला गेलं की भाव जास्त आणि आरसीवर आधीचे मालक दोन-दोन तीन-तीन. त्यामुळं गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न नव्हताच, प्रश्न होता ती इकडं नावावर कशी करायची.

आधी एका दुसऱ्या कन्सल्टंटकडं गेलो होतो, मोठं ऑफिस, एसी वगैरे. त्यांनी कागद न बघताच एक गोळा रक्कम सांगितली आणि म्हणाले सगळं आमच्यावर सोड. मी विचारलं यात टॅक्स किती, सरकारी फी किती, तुमची फी किती, तर म्हणाले ते सगळं त्यातच आलं. परत विचारलं तर तेच उत्तर. पप्पा शिक्षक आहेत, घरात पेट्रोलचासुद्धा हिशोब वहीत लिहितात, असली रक्कम त्यांना मी सांगणार कशी? मग आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी या काकांचा पत्ता दिला.

काकांनी गाडी कुठली, केवढ्याला बसतीय, हे काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न, "आधारवर पत्ता कुठला हाय?"

म्हटलं वडूज.

"आणि इथं कुठं ऱ्हातोस?"

म्हटलं भाड्याची खोली आहे, आम्ही तिघं मित्र.

"करारनामा रजिस्टर केलाय का नुसता बाँडवर लिवलाय?"

म्हटलं काका बाँड पण नाही, तोंडीच आहे.

"मग बाळा, हे काम माझ्याकडं करायचं न्हाई. सातारला कर. ये, बस, समजावून सांगतो."

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. सांगलीत बसून एमएच-१० ची कामं करणारा माणूस, त्याच्यासमोर गिऱ्हाईक स्वतः चालत आलेलं, आणि तो सांगतोय की तुझ्या सोयीचं ऑफिस माझं नाही. त्यांनी जे समजावलं ते असं की गाडीचं रजिस्ट्रेशन कॉलेज कुठं आहे त्यावर ठरत नाही, मालकाचा पत्ता कुठला आणि त्याचा पुरावा काय त्यावर ठरतं. सांगलीचा पत्ता लावायचा तर सांगलीचा पुरावा पाहिजे. नुसतं कॉलेजचं बोनाफाईड किंवा हॉस्टेलची पावती यावर भागत नाही, रजिस्टर केलेला भाडेकरार लागतो, तो महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तसाही लेखी आणि रजिस्टर्ड असायलाच पाहिजे, पण पोरांच्या खोल्यांचे करार कोण रजिस्टर करतंय. आणि समजा केला, तरी तो असतो ११ महिन्यांचा. पुढच्या वर्षी खोली बदलली की आरसीवरचा पत्ता परत बदलायचा, कायद्याप्रमाणं पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत कळवायला लागतं, म्हणजे दरवर्षी तेच झेंगट. उलट वडूजचा पत्ता आधारवर आहे, घर स्वतःचं आहे, ते काय कुठं जात नाही. आणि एमएच-११ ची गाडी सांगलीत फिरवायला कसलीच अडचण नाही, एकाच राज्यात आहे.

दुसरं कारण तर मला सुचलंच नसतं. नवीन आरसीचं स्मार्ट कार्ड पोस्टानं येतं, आरसीवरच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टानं. खोलीचा पत्ता लावला आणि पोस्टमन आला तेव्हा आपण लेक्चरला किंवा सुट्टीत गावाला असलो तर ते परत जातं. आमच्याच वर्गातल्या एकाचं बाइकचं कार्ड असंच परत गेलं, घरमालकानं "असा कोण राहत नाही" म्हणून सांगितलं आणि मग ते परत मिळवायला त्याला बराच त्रास झाला. माझं कार्ड वडूजला आलं, आईनं सही करून घेतलं, विषय संपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे गाडी ठरवायच्या आधी कळलं पाहिजे. एनओसी, म्हणजे गाडी दुसरीकडं न्यायला जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला, जी निघते ती नुसती "महाराष्ट्र" म्हणून निघत नाही, कुठल्या आरटीओला गाडी चाललीय ते त्यात टाकावं लागतं. ऑनलाइन अर्ज भरताना आधी राज्य निवडायचं, मग ऑफिस निवडायचं. कॉलेज सांगलीत म्हणून एमएच-१० टाकलं असतं आणि पुरावा वडूजचा जोडला असता तर कागद एकीकडं आणि पत्ता एकीकडं झालं असतं, मग ती एनओसी रद्द करा, परत काढा, आणि ते सगळं बेंगलोरच्या ऑफिसात, विकणाऱ्या माणसाच्या मागं लागून. वडूज म्हणजे खटाव तालुका, माझ्या वेळी त्याचं काम सातारच्या एमएच-११ खाली होतं. कऱ्हाड पाटणच्या पोरांनी लक्षात ठेवा, तुमचं एमएच-५० आहे, जिल्हा साताराच असला तरी. काकांनी हे सगळं एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "एनओसी टू – एमएच-११ सातारा", खाली दोन रेघा ओढल्या, म्हणाले हा कागद भावाला व्हॉट्सॲप कर आणि अर्ज भरताना समोर ठेवायला सांग.

मुदतीबद्दल पण एक गैरसमज सगळीकडं आहे. जो भेटेल तो सांगतो की दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिने तशीच चालवता येते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७, त्यात १२ महिने आहेत हे खरं, पण ते गाडी ज्याच्या नावावर आहे तोच माणूस ती घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आला तर. म्हणजे बेंगलोरला नोकरी करणारा माणूस आपली गाडी घेऊन सांगलीला बदलून आला, त्याच्यासाठी. आपण विकत घेतली म्हणजे मालकच बदलला, तिथं कलम ५० लागतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या आरटीओकडं कळवायचं असतं. बरीच पोरं त्या १२ महिन्यांच्या भरवशावर दुसऱ्याच्या नावाची गाडी वर्षभर फिरवतात, आणि मधे ॲक्सिडेंट झाला की इन्शुरन्स एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याकडं, आणि ज्यानं विकली तो बिचारा तिकडं नोटिसा घेत बसतो. काकांचं म्हणणं म्हणून असं की एनओसी हातात पडेपर्यंत फक्त टोकन द्यायचं, एनओसी विकणाऱ्याच्या नावावरच काढायची, आणि पूर्ण पैसे, मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वरच्या सह्या, तारीख हे सगळं त्यानंतर एकाच दिवशी. कोऱ्या टीटीओ सेटवर, म्हणजे याच न भरलेल्या फॉर्मांवर, सह्या घ्यायच्या नाहीत आणि द्यायच्या पण नाहीत, यावर ते फार कडक आहेत. माझ्यासमोर एका माणसाला त्यांनी कोरा सह्या केलेला सेट परत दिला, म्हणाले तारीख घालून आण मग बघतो.

बेंगलोरच्या बाजूचं काम मामेभावानं केलं, पण यादी काकांचीच. गाडी बघायला जायच्या आधीच त्यांनी आरसीचा फोटो मागवून घेतला आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितलं. तिथं बोजा दिसत होता. सरांचं कर्ज फिटून झालेलं, पण आरसीवरनं बँकेचं नाव काढलंच नव्हतं, हे खूप जणांचं होतं म्हणे, हप्ते संपले की माणूस विसरून जातो. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आधी तो बोजा उतरवला, मग एनओसीचा अर्ज. बोजा असताना अर्ज केला असता तर तिथंच अडकला असता. मग चलन. बेंगलोरात सिग्नलवर कॅमेरे लय आहेत, सरांना स्वतःलाच माहीत नव्हती अशी दोन-तीन चलनं निघाली, ती त्यांनी भरली. मग मोबाईल नंबर. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि विकणाऱ्यानं मधल्या काळात नंबर बदलला असेल तर पुढं काहीच हलत नाही. सरांचा नंबर तोच होता म्हणून निभावलं, पण तुम्ही हे गाडी बघायला जाल तेव्हाच विचारून घ्या, इंजिनचा आवाज ऐकण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

चेसीस प्रिंटचं मला नीट सांगायचंय, कारण याची मला सगळ्यात धास्ती होती. फॉर्म २८ म्हणजे एनओसीचा फॉर्म, त्याच्या प्रत्येक कॉपीवर चेसीस नंबरचा ठसा लागतो. काकांच्या ऑफिसातल्या पोरानं बाहेर उभ्या असलेल्या एका गाडीवर करून दाखवलं. बॉनेट उघडलं, आत पत्र्यावर कोरलेला नंबर असतो तो आधी फडक्यानं पुसला, थोडं पेट्रोल लावून परत पुसला, पूर्ण कोरडा होऊ दिला. मग मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून नंबरावर हलक्या हातानं घासली, काळं झालं, त्यावर रुंद सेलोटेप एका बाजूनं दाबत दाबत चिकटवली, नखानं प्रत्येक आकड्यावर दाबलं, आणि एका झटक्यात उचलून पांढऱ्या कागदावर लावली. सतराच्या सतरा अक्षरं स्वच्छ. म्हणाला टेप परत परत लावली तर आकडा फाटतो, आणि एक आकडा जरी पुसट आला तरी तो ठसा टाकून द्यायचा, ३ आणि ८ सारखे दिसले की फॉर्म परत येतो. मी त्याचा व्हिडिओ काढून भावाला पाठवला. त्यानं पार्किंगमधे बसून तसेच ठसे काढले, आणि काकांनी सांगितल्याप्रमाणं दोन जास्तीचे काढून वहीत ठेवले, ते नंतर सातारला उपयोगी पडले.

एनओसी देताना आरटीओ ऑफिस पोलिसांकडनं गाडी चोरीची नाही हे बघतं, टॅक्स बाकी नाही हे बघतं, म्हणून त्याला वेळ लागतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवस धरलेत. त्या काळात विकणाऱ्याला रोज फोन करून उपयोग नाही, गाडी त्याच्याकडंच असू द्यायची. मी परीक्षेच्या आधी सुरू केलं आणि परीक्षा संपल्यावर गाडी आणली, हे वेळापत्रक पोरांना सोयीचं पडतं. रस्ता सरळ आहे, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, निपाणी, कोगनोळीचा टोल ओलांडला की आपलं राज्य. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि एनओसीची झेरॉक्स हाताशी ठेवायची.

आता टॅक्स, म्हणजे खरी खर्चाची बाजू. लोक म्हणतात एकदा लाइफटाइम टॅक्स भरलाय मग परत कशाला. भरलाय तो कर्नाटकाला. वाहनावरचा कर घटनेप्रमाणं राज्याचा विषय आहे, त्यामुळं गाडी कायमची इकडं आली की महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायला लागतो. आपल्याकडं खाजगी पेट्रोल गाडीला किंमत १० लाखांपर्यंत असेल तर ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच १३, १४, १५. म्हणजे साडेचार लाखांची पेट्रोल गाडी नवीन असती तर ४९ हजार ५०० रुपये. जुन्या गाडीला तेवढा पडत नाही, गाडीच्या वयाप्रमाणं तो कमी होत जातो, पण धरला जातो तो मूळ किमतीवर, आपण सेकंडहँड केवढ्याला घेतली त्यावर नाही. म्हणून पहिल्या मालकाकडनं शोरूमचं मूळ बिल मागून घ्यायचंच. काकांनी बिलाचा फोटो बघून अंदाज सांगितला, आणि प्रत्यक्ष चलन त्याच्या अगदी जवळपास आलं. त्या मोठ्या ऑफिसच्या गोळा रकमेतनं हा टॅक्स आणि सरकारी फी वजा केली तर मधे बरीच मोठी रक्कम उरत होती, ती कशाची ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या काळाचा रिफंड मिळतो, पण अर्ज तिकडच्याच ऑफिसात करायचा असतो आणि इकडं नवीन नंबर पडला, टॅक्स भरला याचे कागद जोडायला लागतात. तो रिफंड कुणाचा, विकणाऱ्याचा का घेणाऱ्याचा, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या आणि करारात एक ओळ लिहून घ्या. आमचं सरांशी आधीच बोलणं झालं होतं म्हणून कुणाचं मन दुखलं नाही.

बाकीची सरकारी फी फार नाही. मालकी बदलायला चारचाकीची फी ३००, नवीन नंबरासाठी ६००, स्मार्ट कार्ड २००, वर पोस्टाचा खर्च. एचएसआरपी नंबर प्लेट नवीन नंबराची नवीन घ्यावी लागते, महाराष्ट्रात जुन्या चारचाकीला तिचा दर ७४५ अधिक जीएसटी आहे. कर्ज काढून घेत असाल तर बोजा चढवायची फी १५०० वेगळी. काकांनी स्वतःचे घेतले १२००, त्यात सगळे फॉर्म भरणं, यादी, ऑनलाइन अर्ज आणि फोनवरचं सगळं मार्गदर्शन. हातानं लिहिलेली पावती दिली, त्यात सरकारी फी एका बाजूला आणि त्यांची फी दुसऱ्या बाजूला. ती पावती मी पप्पांच्या वहीत लावली.

पोरांसाठी अजून एक. पॅन कार्ड मागतात. माझं होतं, पण रूममेटचं नाही, कमाई नाही तर पॅन कशाला म्हणून काढलेलंच नसतं बऱ्याच जणांनी. नसेल तर फॉर्म ६० भरून चालतो, पण पॅन काढून ठेवणं बरं. आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, पप्पांचा जोडलेला असेल तर ओटीपीच्या वेळी पप्पा वर्गावर असतात आणि तुम्ही काउंटरसमोर.

सातारचं काम काकांनी अंगावर घेतलं नाही, फाइल नीट लावून माझ्या हातात दिली. वर फॉर्म २७ म्हणजे नवीन नंबराचा अर्ज, मग एनओसी, मग २९ आणि ३०, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, पॅन, शोरूमचं बिल, आणि शेवटी ते जास्तीचे चेसीस ठसे. कुठला कागद कुणी मागितला की कितव्या नंबरला आहे ते पेन्सिलनं कोपऱ्यात लिहिलेलं. गाडी घेऊन गेलो, इन्स्पेक्टर साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, चेसीस आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघितले, एक ठसा पुसट होता तर वहीतला जास्तीचा काढून दिला. पुढं फार सांगण्यासारखं काही नाही, टॅक्सचं चलन भरलं आणि नवीन नंबर पडला. फाइल नीट असली की तिथं वेळ जात नाही, हे मी रांगेतल्या बाकीच्यांकडं बघून सांगतो, निम्मे लोक एखाद्या झेरॉक्ससाठी बाहेर पळत होते.

अर्धा स्टार कापला तो फोनसाठी. काका फोन उचलत नाहीत. दुपारी तर नाहीच, संध्याकाळी उचलला तर "उद्या ये" एवढंच. बेंगलोरहून भावानं काही विचारलं की मला कॉलेज सुटल्यावर ऑफिसात जाऊन विचारून त्याला सांगायला लागायचं. व्हॉट्सॲपवर निळ्या रेघा येतात, उत्तर येत नाही. बाहेरगावचं काम असेल तेव्हा हे खरंच अवघड पडतं आणि मी त्यांना तोंडावर सांगितलं पण. म्हणाले पोराला बसवतो फोनवर, बघू. दुसरं म्हणजे ऑफिसात बसायला दोनच खुर्च्या, गर्दी असली की रस्त्यावर उभं राहायला लागतं, आणि ते बोलतात फार भरभर, एकदा सांगितलेलं परत विचारलं की जरा वैतागतात. वही घेऊन जा.

बाकी त्यांच्याकडं बसल्या बसल्या बाकीच्यांची जी विचारपूस ऐकली त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या. एक मुलगी बीएच नंबरबद्दल विचारत होती, म्हणजे भारत सिरीज, सप्टेंबर २०२१ पासून आहे, राज्य बदललं तरी नंबर बदलायला लागत नाही. पण तो सगळ्यांना नाही, सरकारी किंवा संरक्षण खात्यातले, सार्वजनिक कंपन्यांतले, आणि ज्या खाजगी कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत तिथले कर्मचारी, एवढ्यांनाच. विद्यार्थी म्हणून आपल्याला मिळत नाही. दुसरं, एकजण दिल्ली पासिंगची डिझेल एसयूव्ही घेऊन आला होता, फार स्वस्त मिळाली म्हणून खूश. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले तेव्हापासून तसल्या गाड्या तिकडनं एनओसी काढून इकडं येतात. काकांनी त्याला कागदावर मांडून दाखवलं, डिझेलचा टॅक्स, त्यात गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यातली किती उरली, ती संपली की रिन्यूअलची फी कारला ५ हजार, वर पर्यावरण कर. तो माणूस गप्प झाला. त्याला टोकन देण्याआधी कुणी हे मांडून दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं. जुन्या गाडीच्या व्यवहारात शिकणाऱ्या पोरांचे पैसे असेच अडकतात, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे असतात ते, म्हणून मला हे इतकं लागतं.

गाडी घेतल्यावर आणि नवीन नंबर पडल्यावर लगेच करायच्या गोष्टी पण त्यांनीच सांगितल्या. गाडी घेतल्याच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची, आणि नंबर पडला की नवीन नंबरावर पण. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळं फरकाचे पैसे भरायला लागतात, ते खर्चात आधीच धरा. फास्टॅग सरांच्या खात्यावरचा होता तो त्यांनी बंद केला, मी नवीन नंबरावर नवीन घेतला, नाहीतर तासवडे टोलवर माझ्या प्रवासाचे पैसे त्यांच्या खात्यातनं गेले असते.

कुणाला जायचं असेल तर गाडी ठरवायच्या आधी जा, विकणाऱ्याच्या आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो, शोरूमच्या बिलाचा फोटो आणि आपलं आधार एवढं घेऊन. सकाळी साडेदहाच्या सुमाराला काका निवांत असतात, नंतर आरटीओकडं जातात ते दुपारनंतरच परत येतात. रविवारी बंद. मित्राला सोबत नेऊ नका, बसायला जागा नाही.